गाडी उभी, बॅटरी बसली!

कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोडणीचं हार्वेस्टर पत्र्याच्या शेडमध्ये जातं. उन्हाळा सरतो, पावसाळा जातो. खंडेनवमीला यंत्र धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून मालक सेल्फ मारतो आणि इंजिनाऐवजी ऐकू येतं नुसतं 'टक टक टक'.

त्या टकटकीची गंमत बघा. चावी फिरवली की सेल्फचा सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटर शेकडो अँपिअर मागते, दमलेल्या बॅटरीचा दाब कोसळतो आणि सोलेनॉइड सुटतो. सुटला की दाब पुन्हा चढतो, पुन्हा ओढाओढ. बॅटरीत जीव आहे, पण इंजिन फिरवण्याइतका नाही.

पण वापरलीच नाही, तर उतरली कशी? शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये बनवली. तेव्हापासून तिचा स्वभाव तोच: वायर काढून ठेवली तरी ती आतल्या आत उतरत राहते. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. सोलापूरकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा!

त्यात घड्याळ, जीपीएस, कंट्रोल युनिट हे गुपचूप पिणारे पाहुणे. सगळे मिळून फक्त 50 मिलिअँपिअर घेत असले, तरी दिवसाला 1.2 आणि महिन्याला 36 अँपिअर-अवर होतात. 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गाडी जागची न हलता संपला.

'मी दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो,' असं सांगणारे बरेच भेटतात. भावना चांगली, पण गणित जुळत नाही. आठवड्यात वर सांगितलेल्या पाहुण्यांनी 8.4 अँपिअर-अवर नेले. अल्टरनेटरनं अगदी 30 अँपिअर दिले, तरी पाच मिनिटांत परत येतात 2.5. शिवाय शेवटचा पाचवा हिस्सा भरायला बॅटरीला तासन्‌तास लागतात. तिला घाई चालत नाही.

खरं नुकसान पुढेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्ज केली तर ते विरघळतात. आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर त्यांचे मोठे, कडक खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून शेडमध्ये नेताना बॅटरी पूर्ण भरलेलीच हवी, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

'12 व्होल्ट' या नावावर जाऊ नका. सहा सेलची भरलेली बॅटरी काही तास निवांत ठेवून मोजली तर सुमारे 12.7 दाखवते; 12.2 म्हणजे अर्धी, आणि बरोबर 12 म्हणजे जवळजवळ रिकामी.

फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज लाकडी आणि रबरी खोक्यांच्या जमान्यातला. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचं काही सोयरसुतक नाही.

मोठ्या ट्रकच्या 24 व्होल्टमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. केबिनमधल्या टेपसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर ओढली, की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. बदलायच्या तर दोन्ही एकदम.

वायर काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. पाना चुकून चेसीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पाणी डिस्टिल्डच घाला, आम्ल नव्हे. आणि चार्जिंगच्या वेळी बिडी-काडी लांब ठेवा, कारण तिथे हायड्रोजन निघतो.

सगळ्यात देखणा उपाय परदेशातल्या अनेक अग्निशमन केंद्रांत दिसतो. तिथला बंब दिवसचे दिवस उभा असला, तरी भिंतीतल्या चार्जरला जोडलेला असतो. घंटा वाजते, ड्रायव्हर सेल्फ मारतो आणि प्लग आपोआप बाहेर फेकला जातो!