बिकिनीची राख : न सांगता माथी मारलेला धोका



आज मासळीचा दर आणि डिझेल बाजूला ठेवून एका बोटीची गोष्ट सांगतो आहोत. बोट जपानची, गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीची. पण वाचाल तेव्हा कळेल की ती कुठल्याही बंदरात घडू शकली असती. सरकारने लोकांना न सांगता, न विचारता किरणोत्सर्गाच्या तोंडी दिलं तर काय होतं, ते यातून नीट समजतं. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

बोट हद्दीच्या बाहेर होती

दाइगो फुकुरयू मारू, म्हणजे 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५', ही लाकडी बोट जानेवारी १९५४ मध्ये याइझू बंदरातून ट्यूना (आपला कुपा) मारायला निघाली. बोटीवर २३ माणसं. लांब दोरीला गळ लावून मासेमारी करायची.

१ मार्च १९५४ ला पहाटे पश्चिमेकडे सूर्य उगवावा तसा उजेड झाला. काही मिनिटांनी मोठा आवाज आला. मार्शल बेटांमधल्या बिकिनी इथे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. तिचं नाव 'ब्राव्हो'. शास्त्रज्ञांचा अंदाज सहा मेगाटनच्या आसपास होता, स्फोट झाला १५ मेगाटनचा. म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजार पट.

बोट बिकिनीपासून सुमारे १६० किलोमीटरवर होती. अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर. खलाशांनी दोर ओढायला सुरुवात केली. दोर टाकून पळणं कुठल्या मच्छीमाराला परवडतं? ते काम चालू असतानाच आकाशातून पांढरी भुकटी पडायला लागली आणि काही तास पडतच राहिली. डोळ्यांत, केसांत, कपड्यांत, डेकवर, मासळीवर. बिकिनीचं प्रवाळ जळून त्याची पूड झाली होती, आणि त्या पुडीत बॉम्बची किरणोत्सारी द्रव्यं मिसळली होती. तिला ना वास, ना चटका. त्यामुळे कुणाला भीतीही वाटली नाही.

त्याच संध्याकाळपासून मळमळ, उलट्या सुरू झाल्या. मग अंगावर भाजल्यासारखे फोड आले, केस गळू लागले. १४ मार्चला बोट याइझूला परत आली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी फुटली, तोवर मासळी बाजारात गेली होती.

आधी दोष कुणाला दिला?

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी पत्रकारांना सांगितलं की बोट धोक्याच्या हद्दीत आतच असली पाहिजे. म्हणजे चूक खलाशांची! जपानी अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा बोट बाहेरच होती असं निघालं. आणि स्फोटानंतर अमेरिकेने स्वतःच ती हद्द कित्येक पटींनी वाढवली. आधीची हद्द पुरेशी होती, तर वाढवली कशाला?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. जपानी डॉक्टरांनी विचारलं, राखेत काय काय आहे ते सांगा, म्हणजे उपचार करता येतील. उत्तर मिळालं नाही, कारण त्यातून बॉम्बची रचना कळली असती. शेवटी जपानी शास्त्रज्ञांनी स्वतः राख तपासली. आजारी माणसापेक्षा बॉम्बचं गुपित मोठं ठरलं.

बोटीचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर १९५४ ला वारले. वय ४०. अमेरिकेचं म्हणणं, रक्त चढवल्यामुळे कावीळ झाली. जपानी डॉक्टरांनी किरणोत्सर्गाला जबाबदार धरलं. पण रक्त का चढवावं लागलं, हा प्रश्न राहतोच ना?

जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेने जपानला २० लाख डॉलर दिले, कायदेशीर जबाबदारी मात्र मानली नाही. विषय मिटला असं दोन्ही सरकारांनी ठरवलं.

मासळी तपासली, माणसं नाही

फटका एका बोटीला बसला नव्हता. १९५४ च्या अखेरपर्यंत जपानी बंदरांत ट्यूना यंत्राने तपासला जात होता. ८५० हून जास्त बोटींची मासळी दूषित निघाली, ती फेकून द्यावी लागली किंवा पुरावी लागली. बाजारात ट्यूनाला गिऱ्हाईक राहिलं नाही. डिसेंबर संपला आणि तपासणी बंद केली.

त्या शेकडो बोटींवरच्या खलाशांचं काय? त्यांच्या तब्येतीचा पुढे कुणी पाठपुरावा केला नाही. १९८० च्या दशकात कोची भागातल्या शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी घरोघर जाऊन जुन्या खलाशांना शोधलं, तेव्हा हे बाहेर यायला लागलं. सरकारी कागद २०१४ मध्ये उघड झाले. २०१६ मध्ये जुने खलाशी आणि त्यांचे घरचे कोर्टात गेले. २०१८ मध्ये दावा फेटाळला गेला. साठ वर्षं कागद दाबून ठेवले की तोवर माणसं मरतात, पुरावे जातात. मग न्याय कुणाला मागायचा?

बेटावरची माणसं

खलाशी निदान घरी परतले. रोंगेलाप बेटावरच्या लोकांचं घरच त्या राखेखाली गेलं. मुलं त्या पांढऱ्या भुकटीत खेळली. पाण्यात, जेवणात ती पडली.

आता हे तीन मुद्दे नीट बघा.

१) १९४६ मध्ये बिकिनीला पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा रोंगेलापचे लोक खबरदारी म्हणून आधीच हलवले होते. १९५४ ला बॉम्ब कितीतरी मोठा, तरी हलवले नाहीत. आदल्या रात्रीच्या हवामान बैठकीत वारे प्रतिकूल होत असल्याचं समोर आलं होतं. तरी चाचणी केली.

२) जवळच्या रोंगेरिक बेटावर अमेरिकेचे २८ कर्मचारी होते. त्यांना दुसऱ्याच दिवशी हलवलं. रोंगेलापच्या लोकांना ३ मार्चला.

३) मग त्यांच्यावर अभ्यास सुरू झाला, 'प्रकल्प ४.१' या नावाने. किरणोत्सर्गाचा माणसावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. १९५७ मध्ये बेट राहण्याजोगं आहे असं सांगून लोकांना परत नेलं. दरवर्षी डॉक्टर येत, रक्त, लघवी घेत. बेटावरचं अन्न खाऊन लोकांच्या शरीरातलं सीझियम अनेक पटींनी वाढलं. स्फोटाच्या दिवशी जे बेटावर नव्हते तेही परत आले होते. त्यांना तुलनेसाठी वापरलं, आणि तेही त्याच दूषित मातीतलं खात होते.

१९६३ पासून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गाठी दिसू लागल्या. राखेतलं आयोडीन थायरॉइडमध्ये साठतं आणि लहान मुलांना त्याची बाधा जास्त होते. स्फोटावेळी दहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा त्रास झाला. तेव्हा एक वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. अखेर १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडलं. न्यायला ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' जहाज आलं होतं.

मुद्दाम केलं का?

इथे खरं तेच सांगायला हवं. अमेरिकेत १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अशा सगळ्या किरणोत्सर्ग प्रयोगांची चौकशी करायला समिती नेमली. १९९५ मध्ये अहवाल आला. रोंगेलापच्या लोकांवर मुद्दाम प्रयोग म्हणून राख पाडली, असा पुरावा समितीला मिळाला नाही. पण उपचार कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं, हे त्या लोकांना नीट सांगितलं गेलं नाही, हे अहवालात आलं. बेटावरचे बरेच लोक आजही समितीचं पहिलं म्हणणं मानत नाहीत.

आम्हाला वाटतं, मुद्दाम होतं की नव्हतं एवढ्यावरच अडकू नये. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्गचे नियम लिहिले गेले. त्यातला पहिला नियम असा की माणसाची स्वतःची, समजून दिलेली संमती हवी. ते डॉक्टर उभे होते अमेरिकेच्याच कोर्टापुढे. सात वर्षांत तो नियम बेटावरच्या माणसांसाठी विसरला गेला. अपघात झाला असेल, पण अपघातानंतर गप्प बसणं हा अपघात नसतो. तो निर्णय असतो, आणि तो कुणीतरी खुर्चीवर बसून घेतलेला असतो.

आवाज उठलाही. २ एप्रिल १९५४ ला पंडित नेहरूंनी आपल्या लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्याच महिन्यात मार्शल बेटांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. जपानमध्ये बायकांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, त्या तीन कोटींच्या वर गेल्या. तरी त्या बेटांवर १९५८ पर्यंत चाचण्या चालू राहिल्या, एकूण ६७.

आपण काय घ्यायचं?

समुद्रात हद्द आखून सूचना देणं ही कुणाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. म्हणून कसलीही सूचना आली की विचारा : हद्द कुठून कुठवर? किती दिवस? वारा किंवा वेळ बदलली तर आम्हाला कोण कळवणार? बोट त्यात सापडली तर काय करायचं?

बोट कुठे होती याची नोंद रोज ठेवा. त्या २३ जणांवरचा आळ हटला तो बोट हद्दीबाहेर होती हे दाखवता आलं म्हणूनच.

आणि कुणी तुमचं किंवा मुलांचं रक्त तपासायला घेतलं तर दोन प्रश्न विचारायला लाजू नका : हे कशासाठी? आणि निकाल मला आमच्या भाषेत कधी सांगणार?

ती बोट आज टोकियोत संग्रहालयात ठेवली आहे. तिच्यावरचे एक खलाशी ओइशी मातासिची टोकियोत लाँड्री चालवत कित्येक वर्षं गप्प राहिले. मग २०२१ मध्ये जाईपर्यंत शाळांमधून मुलांना हे सांगत राहिले. ती पांढरी भुकटी काय आहे, हे त्या दिवशी डेकवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोस्ट आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा, आणि घरी मुलांना वाचून दाखवा.