सहा कॅन पाणी

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वडनेर भोलजी लागतं. जुनी माणसं या रस्त्याला अजून सहा नंबरचा हायवेच म्हणतात. इथून उत्तरेला पूर्णेच्या अंगाने निघालं की जमीन काळी, सपाट, चिकण होत जाते आणि विहिरीच्या पाण्याची चव पालटते. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली ८९४ गावं त्यात मोजली जातात. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खोलगटात पूर्णेने गाळ भरला. त्या चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही आणि क्षार तिथेच साठून राहतात.

या भागात मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा घरोघर आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांची नावं त्यात पुन्हापुन्हा येतात. ‘अमक्याचे वडील डायलिसिसवर आहेत’ हे वाक्य सांगायला आता कुणी आवाज खाली घेत नाही. खारं पाणी हेच एकमेव कारण, असं मात्र मी लिहिणार नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची जगभरातली दोन मोठी कारणं आहेत. उन्हातान्हात राबून शरीरातलं पाणी वारंवार कमी होणं आणि अंगदुखीवर सर्रास घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचाही मूत्रपिंडावर भार पडतो. कारण कोणतंही असो, शेवटी माणूस डायलिसिसच्या यंत्राशेजारच्या खाटेवर येतो आणि त्याचे चार तास एका तंत्रज्ञाच्या हाती असतात.

हा तंत्रज्ञ घडवणारी पदवी आहे. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह. मग साधारण तीन वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधं, मूत्रपिंडाचे आजार, यंत्राची रचना, असे विषय असतात. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख दिली. अभ्यासक्रमाचे कागद चाळताना मला मात्र एकच विषय सगळ्यांच्या तळाशी वाहताना दिसला, तो म्हणजे पाणी.

हिशेब करून पाहा. कृत्रिम मूत्रपिंड म्हणजे साधारण फूटभर लांबीची एक नळी. तिच्यात केसासारखे हजारो पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त जातं, बाहेरून औषधी क्षार मिसळलेलं पाणी उलट दिशेने. या पाण्याचा वेग साधारण मिनिटाला ५०० मिलिलिटर. चार तासांत १२० लिटर झाले. लग्नात, दुकानात जो आरओचा २० लिटरचा कॅन येतो, तसे सहा कॅन! आठवड्यात तीन वेळा बसलं की अठरा. निरोगी माणसाने प्यायलेलं पाणी आतड्यातून गाळून रक्तात येतं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. इथे आतडं मध्ये नाही, मूत्रपिंड चालत नाही. रक्त आणि ते सहा कॅन यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा आहे.

म्हणून डायलिसिस विभागाची खरी खोली मागच्या बाजूला असते, जिथे आरओ प्लांट गुणगुणत असतो. आधी वाळूची गाळणी, मग पाणी मृदू करणारी टाकी. या टाकीतल्या राळेचे दाणे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात. दाणे भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा ताजे करायचे. डाळ न शिजण्याचं कारण घरी पाहिलेल्या मुलाला हा धडा वेगळा समजवावा लागत नाही. पुढे कोळशाची टाकी क्लोरीन आणि क्लोरामाइन शोषून घेते. ती निकामी झाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर क्लोरामाइन पडद्यातून पलीकडे जातं आणि रक्तपेशी फुटतात. म्हणूनच पहिला रुग्ण जोडण्याआधी या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेऊन क्लोरीनची तपासणी करायची असते.

पाणी नीट शुद्ध झालं नाही तर किती महागात पडतं, ते ब्राझीलमधल्या कारुआरू शहराने १९९६ मध्ये सोसलं. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होतं. जलाशयात वाढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष त्या पाण्यात होतं आणि शुद्धीकरण अपुरं पडलं. पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखात ही घटना प्रत्येक वर्गात शिकवली जावी, असं मला मनापासून वाटतं.

या विद्येचा जन्मही टंचाईतला. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी, जर्मनांच्या ताब्यातल्या काळात, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सॉसेजची सेलोफेन आवरणं गुंडाळून पहिलं यंत्र उभं केलं. पहिले जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. मूत्रपिंड कायमचं निकामी झालेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू शकतो, हे मात्र १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या टेफ्लॉनच्या नळीने दाखवलं. १९६६ मध्ये हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करण्याची पद्धत आली. तिथेच आजही रुग्णाला सुया टोचतात.

आपल्याकडे २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेले २.२ लाख नवे रुग्ण वाढतात आणि त्यांना आणखी ३.४ कोटी डायलिसिस लागतात, असा अंदाज तेव्हा सरकारनेच मांडला होता. जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसवण्याची ही योजना. पण यंत्र एका दिवसात बसतं, माणूस घडायला चार वर्षं लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. या पदवीचं घर तिथे असावं आणि पाण्याचा विषय पूर्णाकाठच्या विहिरींवर जाऊन शिकवला जावा, हा माझा आग्रह आहे. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या मुलामुलींनीच ती पदवी घ्यावी, हाही.

सकाळी पहिल्या पाळीला आजी वजनकाट्यावर उभ्या राहतात. दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन वाढलं, की ते बहुतेक अंगात साठलेलं पाणीच असतं. आज किती काढायचं, ते त्यावर ठरतं. तहान लागली तरी पाणी मोजून प्यायचं, हे त्यांना पाठ आहे. तंत्रज्ञ ताई त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवते. फिस्टुला चालू असेल तर कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली की ताई सुई उचलते. मागच्या खोलीतली क्लोरीनची नोंद तिने आधीच वहीत केलेली असते, वेळेसह.