वळिवड्याची छावणी: आपण सांगतो ते आणि घडलं ते

चंदगड भागात लग्न ठरलं की बस्ता बेळगावात बांधायचा की गांधीनगरात, यावर खल होतोच. बेळगाव जवळ पडतं, गांधीनगरात भावात फरक पडतो. गांधीनगरला निघालेल्या गाडीत कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "हे सगळं सिंध्यांनी फाळणीनंतर ओसाड माळावर वसवलं." सिंध्यांचं कर्तृत्व खरं, पण माळ ओसाड नव्हता. सिंधी कुटुंबं आली तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या त्या माळावर बराकींच्या रांगा आधीच उभ्या होत्या. त्यांतून नुकतेच बाहेर पडले होते पोलंडचे लोक. एकाच जागेवर पाठोपाठ दोन निर्वासित समाज राहिले आणि भोवतालची गावं तीच राहिली, असं उदाहरण सहसा सापडत नाही. त्याबद्दलच्या दंतकथा मात्र भरपूर आहेत.

पहिली दंतकथा म्हणजे हे पोलिश लोक हिटलरच्या तावडीतून सुटून आले. त्यांना देशोधडीला लावलं ते स्टालिनने. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड आपसात वाटून घेतला. पुढच्या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला धाडली गेली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, स्टालिनला मित्र हवे झाले आणि पोलिश कैद्यांची सुटका झाली. वाचलेल्यांतले बरेच जण १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले आणि तिथून त्यांतले काही हजार हिंदुस्थानात आले.

दुसरा गोंधळ अलीकडचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या अशा दोन्ही स्मारकांना भेट दिली, तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला तो मुख्यतः मुलांना, त्यातही अनाथांना. वळिवड्याची छावणी वेगळी आणि कितीतरी मोठी होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाच हजारांच्या आसपास माणसं राहिली, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. बालाचडी बंद झाल्यावर तिथली काही मुलंही इकडेच आली.

मग वळिवड्यात "महाराजांनी सांभाळलं" म्हणावं, तर तेही जुळत नाही. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते, गादीवर दत्तक आलेले छत्रपती तान्हे होते. जागा संस्थानची होती, पण खर्चाचा भार लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. पूर्व पोलंडमधली त्यांची गावंही तोवर सोव्हिएत रशियात गेली होती. म्हणजे युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूला असूनही या लोकांना परतायला घर उरलं नाही.

आता सर्वांत गोड गैरसमज. "कोल्हापूरकर मुळातच दिलदार, म्हणून सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं." ऐकायला बरं वाटतं. पण छावणी आवरली गेली त्याच वर्षी, १९४८ च्या सुरुवातीला, गांधीहत्येनंतर याच कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीत गेला. परदेशातून आलेल्या परधर्मीयांशी ज्या शहराचं पाच वर्षं जमलं, त्याच शहराने पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्याच्या घराला काडी लावली. तेव्हा दिलदारी रक्तात असते, हे स्पष्टीकरण पुरत नाही.

पुरतं ते जरा रुक्ष आहे. छावणीत प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी होती आणि हातात भत्त्याचे पैसे पडत. पाच हजारांच्या वस्तीला दूध, भाजी, जळण, शिंपी, धोबी लागणारच, आणि ते सगळं भोवतालच्या गावांतूनच यायचं. गावकऱ्याच्या लेखी हे लोक गिऱ्हाईक होते, दानावर जगणारे नव्हते. शिवाय छावणीला स्वतःच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, मुलांची स्काउट पथकं होती. पोरं रिकामी फिरत नव्हती. निर्वासितांना नुसतं धान्य वाटून बसवून ठेवलं की आतले कुढतात आणि बाहेरचे "फुकट खातात" म्हणून बोट दाखवतात. व्यवहार सुरू झाला की भांडण झालं तरी ते भावावरून होतं.

"पोलिश मुलं सगळं विसरून, क्षमा करून पुढे गेली" हेही खरं नाही. छावणीतले बहुतेक लोक पुढे ब्रिटन आणि इतर देशांत विखुरले, थोडे पोलंडला परतले. पण त्यांनी संघटना बांधली, आठवणी छापल्या, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. २०१९ मध्ये त्यांतले काही वृद्ध पुन्हा इथे आले होते. क्षमेचं म्हणाल तर पोलंडच्या बिशपांनी १९६५ मध्ये जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि मागितलीही. त्यावर पोलंडचं सरकार खवळलंच, साध्या माणसांनाही ते रुचलं नाही. रशियाच्या बाबतीत तर कातीनला पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल आपणच केली, हे मॉस्कोने १९९० मध्ये कुठे कबूल केलं. तोवर क्षमा करायची तरी कशाची? ज्याने घाव घातला तो गुन्हाच नाकारत असताना विस्थापित पोरांकडून मोठ्या मनाची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

सिंध्यांच्या वाट्याला वेगळाच गैरसमज आला: "सरकारनं त्यांना आयतं दिलं." १९५४ च्या कायद्याने मिळणारी भरपाई मागे राहिलेल्या मालमत्तेच्या क्लेमवर ठरे. ज्याचं तिकडे काही नव्हतं, त्याच्या हातात फारसं काही पडलं नाही. पंजाब आणि बंगालची निदान वाटणी तरी झाली. सिंध अख्खा पलीकडे गेला, म्हणून सिंधी माणसाला इकडे प्रांतच उरला नाही. सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ती १९६७ मध्ये. एवढं होऊन वर आपण "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद वर्षानुवर्षं चघळला, आणि त्याच माणसाकडे घासाघीस करून साड्याही घेतल्या. तो मराठीत भाव सांगायला शिकला. आपल्यापैकी किती जण सिंधी शिकले, ते विचारू नका.

चंदगडकरांनी यात फार छाती फुगवू नये. छावणी होती तेव्हा आपण कोल्हापूर जिल्ह्यात नव्हतोच. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आपण इकडे आलो. सोयरीक, बाजार, कॉलेज मात्र अजून सीमारेषेच्या पलीकडे आहे. सीमाप्रश्न तापला की एसटी बंद होते, आणि कॉलेजला निघालेलं पोरगं स्टँडवर ताटकळतं. कुणाचं तरी घर रेषेच्या चुकीच्या बाजूला पडणं म्हणजे काय, याची चुणूक आपल्याला आहे, निर्वासितांच्या मानाने फारच सौम्य.

मोदींच्या त्या दौऱ्यात जामसाहेबांच्या नावाने एक कार्यक्रमही जाहीर झाला: दरवर्षी वीस पोलिश तरुणांनी भारतात यायचं. त्यांना वळिवड्याला आणावं आणि नुसता स्मृतिस्तंभ दाखवून परत पाठवू नये. एक दिवस गांधीनगरच्या सिंधी पोरांबरोबर दुकानात बसवावं. वळिवड्याची आणि वाटल्यास चंदगडची चार पोरंही बोलवावीत. विषय नेमून द्यायची गरज पडणार नाही. आजोबा कुठून आले, एवढं विचारलं की दिवस पुरणार नाही.