नागपुरांतील बाजारपेठा व त्यांचा शेजार

बाजाराचा इतिहास लिहितांना कोणतीं दुकानें कोणत्या पेठेंत होतीं, एवढें आपण नोंदतों. त्या पेठेच्या शेजारीं कोण राहत असे, तें बहुधा सोडून देतों. वास्तविक दुकानांची जागा आणि त्यांच्यांतील चढाओढ ह्या दोन्ही गोष्टी शेजारच्या वस्तीवरून ठरतात. नागपूरच्या उदाहरणानें हें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कौटिल्यानें दुर्गनिवेश प्रकरणांत सुगंधी द्रव्यें व माळा विकणारांस पूर्वेस, तर शिजलेलें अन्न, मद्य व मांस विकणारांस दक्षिणेस जागा नेमून दिली आहे. राजाज्ञेनें दुकानाची जागा ठरेल. गिऱ्हाईक मात्र राजाज्ञेनें येत नाहीं.

बारा खेडीं जोडून नागपूर वसविल्याचें श्रेय देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यास देतात. हा काळ इ. स. १७०२ च्या सुमाराचा. येथील इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी हीं मोहल्ल्यांचीं नांवें आठवडी बाजाराची खूण होत. आठवडी बाजाराचें मर्म असें कीं, एका लहान वस्तीच्या गरजेवर रोजचें दुकान चालत नाहीं. म्हणून व्यापारी माल घेऊन वारावारानें वस्ती बदलतो. शेजारच्या वस्त्यांचे वार निराळे ठेवले म्हणजे एकीचा बाजार दुसरीच्या बाजारास मारीत नाहीं. चढाओढ टाळण्याची ही जुनी युक्ति होय. लोकवस्ती दाट झाली कीं हिंडता बाजार स्थिरावतो. इतवारीचा बाजार आज केवळ रविवारचा राहिलेला नाहीं.

सीताबर्डीचा प्रकार वेगळा. १८१७ च्या नोव्हेंबरांत येथील टेकडीवर भोसल्यांची व इंग्रजांची लढाई झाली, तेव्हां हें ठिकाण नगराबाहेर होतें. १८५३ त राज्य खालसा झालें, १८६१ त नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालें आणि १८६७ त आगगाडी आली. पूर्वेस महाल-इतवारीचें जुनें नगर, पश्चिमेस सिव्हिल लाइन्स आणि मध्यें टेकडीच्या पायथ्याशीं सीताबर्डी, अशी रचना झाली. उंबरठ्यावरील दिवा घरांत व अंगणांत सारखाच उजेड पाडतो. ह्यासच देहलीदीपन्याय म्हणतात. सीताबर्डीचें दुकान त्याच न्यायानें दोन्हीकडचें गिऱ्हाईक घेतें. २०१९ त सुरू झालेल्या मेट्रोचे दोन मार्गही येथेंच एकमेकांस मिळतात.

आतां चढाओढीचा विचार करूं. इतवारींत सराफाशेजारीं सराफ आणि गांधीबागेंत कापडवाल्याशेजारीं कापडवाला कां बसतो? हॅरल्ड हॉटेलिंग ह्या अमेरिकन पंडितानें १९२९ त दाखविलें कीं, एकाच रस्त्यावरील दोन विक्रेते परस्परांचें गिऱ्हाईक ओढण्याच्या प्रयत्नांत मध्याकडे सरकतात व जवळजवळ येतात. ह्यास गिऱ्हाइकाची सोयही जोडली पाहिजे. लग्नाचा बस्ता बांधणारास दहा दुकानें पाहावयाचीं असतात. एकाकी दुकानाकडे तो फिरकत नाहीं. भाजीसाठीं मात्र तो घराजवळचेंच दुकान पाहतो.

गांवागांवांतही हाच नियम चालतो. विल्यम रायली ह्यानें १९३१ त मांडलें कीं, नगराची ओढ लोकसंख्येच्या प्रमाणांत वाढते व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. एक नगर दुसऱ्याच्या चौपट असेल, तर त्याच्या बाजाराची सीमा दुप्पट लांब जाते. १८२१ त छावणी झालेली कामठी नागपूरपासून सुमारें १६ किलोमीटरांवर आहे. तेथील गृहस्थास रोजचा किराणा गांवांतच मिळतो. बस्त्यासाठीं नागपूरची ओढ मोठी ठरते.

शेजार बदलला कीं बाजार बदलतो. जमशेटजी टाटांनीं १८७७ त चालू केलेली एम्प्रेस गिरणी २००२ त बंद पडली व पुढें त्या जागीं मॉल उभा राहिला. भूमि तीच; परंतु पाळी सुटल्यावर पायीं येणारें, उधारीवर घेणारें गिऱ्हाईक गेलें आणि दुरून वाहनानें येणारें आलें. पहिल्यावर पोट असणाऱ्या लहान दुकानदारास दुसऱ्याचा उपयोग थोडाच.

म्हणून फेरीवाले हलवितांना किंवा बाजार दुसरीकडे नेतांना केवळ मोकळी जागा पाहून भागत नाहीं. तेथें पायीं कोण येईल, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. संशोधकांनींही जुन्या कागदांत दुकान आढळल्यास त्याचा शेजार शोधावा. बाजाराचा अर्धा इतिहास तेथें सांपडेल, असें आम्हांस वाटतें.