उळवीच्या वाटेवरील गाणी

माझी एक भाची कामानिमित्त जपानात असते. गेल्या दिवाळीत तिने मला एका वयोवृद्ध जपानी रॉक गायकाची दहा आवडती गाणी पाठविली. हा मनुष्य शब्द स्वतः लिहितो, चाल स्वतः बांधतो आणि गिटार गळ्यात अडकवून स्वतःच गातो. असे तो पन्नास वर्षे करीत आला आहे. ही दहा गाणी निवडताना तिच्या मित्रमंडळींत बरीच हमरीतुमरी झाली म्हणे. मला जपानी येत नाही. त्यातली दोन-तीन गाणी मनाला लागली, बाकीच्यांत मला वाद्यांचा कल्लोळच अधिक ऐकू आला. पण पत्राच्या शेवटी तिने जे विचारले होते ते मात्र विसरता येईना. "मामा, आता त्याचा आवाज थकला आहे. ही गाणी त्याच्याच तोंडची. उद्या ती कोण म्हणणार? आणि तुमच्या आवडीचा असा कोणी आहे का, जो स्वतः रचतो आणि स्वतः गातो?"

उत्तर शोधताना माझे मन एकदम उळवीला गेले.

उळवी हे गाव उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या गर्द रानात आहे. पूर्वी या तालुक्याचे ठाणे सुपे येथे होते; काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात ते गाव गेले आणि ठाणे जोयड्यास आले. धारवाडकडील मंडळी हल्याळ-दांडेलीवरून, बेळगावकडील खानापूर-लोंढ्यावरून या रानात उतरतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते आणि शृंगारलेल्या बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा घाटातून येऊ लागतात. ही यात्रा चन्नबसवण्णांची. त्यांची समाधी येथे आहे. महात्मा बसवेश्वरांचे ते भाचे. बहीण अक्कनागम्मा हिचे पुत्र. अक्कनागम्मेच्या नावाची गुहाही जवळच्या रानात दाखवितात.

आता बाराव्या शतकातील शरणांचा आणि जपानी रॉक गायकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की हे शरणही आपले शब्द आपणच रचीत आणि आपणच ते लोकांपुढे म्हणत. त्यांच्या रचनेला 'वचन' म्हणतात. वचन म्हणजे बोलणे. त्याला ओवीचा साचा नाही, अभंगाचे ठरीव चरण नाहीत. बोलता बोलता एखादा शब्द पुन्हा येतो, एका वाक्यासमोर त्याच घडणीचे दुसरे वाक्य उभे राहते, यमक कधी साधते, कधी साधत नाही; आणि शेवटी 'अंकित' म्हणजे रचणाऱ्याची खूण येते. आपल्याकडे तुकोबा आपल्या अभंगात आपलेच नाव घालतात. शरण बहुधा आपल्या आराध्याचे नाव घालतात. बसवण्णांचे कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचे चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंचे गुहेश्वर. चन्नबसवण्णांनी काय केले? मामाच्याच 'कूडलसंगमदेव' या खुणेत 'चन्न' हे दोन अक्षरांचे आपले नाव मिसळले आणि 'कूडलचन्नसंगमदेव' अशी आपली खूण केली. मामाविषयीच्या भक्तीचे याहून सुंदर चिन्ह मला दुसरे ठाऊक नाही.

तेव्हा माझ्या आवडीच्या रचना कोणत्या, ते सांगतो. दहांचा हट्ट मात्र नको.

पहिली बसवण्णांची. तीत ते सरळ कबुली देतात, की मला तालाचे गणित कळत नाही, मात्रांचा हिशेब येत नाही. तरी देवा, तुला उणे येणार नाही या भरवशावर मला भावेल तसे मी गाईन. राजाच्या दरबारात भांडारी म्हणून वावरलेला, हिशेबात मुरलेला हा पुरुष गाण्याच्या हिशेबापुढे मात्र हात टेकतो, यात मला मोठी मौज वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वचने गायिली जात असावीत हे त्यांच्या स्वतःच्याच शब्दांवरून दिसते.

दुसरी रचनाही त्यांचीच. येथे भक्त देवाला विनवितो, की माझ्या देहाचेच वाद्य करून घे. शरीराचा दांडा, डोक्याचा भोपळा, शिरांच्या तारा. आणि मग त्याच्यावर बत्तीस राग वाजव. पहिल्या वचनात ज्याला तालाची ओळख नाही, तोच दुसऱ्यात स्वतः वीणा होऊन बसतो. ही दोन वचने शेजारी ठेवून ऐकावीत. एक गायकाची नम्रता आहे, दुसरे त्याचे धाडस.

तिसरे अक्कमहादेवींचे, स्वप्नात दिसलेल्या शिवाचे वर्णन सखीला सांगणारे. हे मी मल्लिकार्जुन मन्सूरांच्या कंठातून ऐकले आणि पुढे कित्येक दिवस दुसरे काही ऐकवेना. मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, जन्म १९१०. आरंभीची तालीम मिरजेच्या नीलकंठबुवांची, नंतर मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांची. म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या घराची ती अवघड, वळणावळणाची गायकी. तिच्यात आठ शतकांपूर्वीचे साधे बोल त्यांनी असे बसविले, की राग वचनासाठी आला आहे की वचन रागासाठी, हे कळू नये. बसवराज राजगुरूंनीही वचने मनःपूर्वक गायिली. त्यांच्या गाण्यात शब्द अधिक स्वच्छ ऐकू येतात, हे मान्य केले पाहिजे. तरी माझे मत मन्सूरांच्या बाजूने.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावयास हवी. २०१६ साली बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाला वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गाणे हे वाङ्मय की संगीत, असा मोठा वाद झाला. वचनांविषयी हा वाद जुनाच आहे. कोणी म्हणतात ते गद्य, कोणी म्हणतात गेय. पण बसवण्णा ती कोणत्या चालीवर म्हणत, हे आज सांगता येत नाही. चाल गेली, बोल राहिले. म्हणून आजच्या गायकाला प्रत्येक वचनासाठी नवी चाल शोधावी लागते. अभंगाचे चरण गायकाला हात धरून समेवर नेतात. वचन तसे नेत नाही. कोठे श्वास घ्यावा, कोणता शब्द फिरवून घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. अंकित आले म्हणजे मात्र सर्वांनी एकाच ठिकाणी यावयाचे.

पण बोल तरी कसे राहिले? भाचीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, आणि ते उळवीच्या वाटेवर आहे. कल्याणात शरणांनी जातिभेद मोडून ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चांभार हरळय्याचा पुत्र यांचा विवाह लावला. राजा बिज्जळाने दोन्ही बापांना देहान्त शिक्षा दिली. आणि ११६७-६८ च्या सुमारास कल्याणात रक्तपात होऊन शरणांची दाणादाण झाली. परंपरा सांगते, की त्यांतील एक मोठा समुदाय चन्नबसवण्णांच्या मागोमाग पश्चिमेकडे, या रानाकडे निघाला, आणि वचनांच्या पोथ्यांचे गठ्ठे त्यांच्यापाशी होते. पाठीवर राजाचे सैन्य. मडिवाळ माचय्या नावाचा परीट मागे राहून लढत असे, असे सांगतात. वाटेत एकेक जण गळत गेला. खानापूर तालुक्यात कक्केरी येथे कक्कय्यांची समाधी आहे. हे कक्कय्या ढोर जातीचे, कातडी कमावणारे. मलप्रभेकाठी एम. के. हुबळीला बसवण्णांची पत्नी गंगांबिका हिचे स्मारक आहे. नकाशावर ही स्थळे जोडली तर पोथ्या वाहून नेणाऱ्यांची वाट डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहासकार यांतील प्रत्येक तपशील मान्य करतील असे नाही. पण ज्यांनी ही वचने रचली त्यांच्याहून, ज्यांनी ती पाठीवर घेतली त्यांचे ऋण कमी आहे, असे मला कधी वाटले नाही.

पुढे शतकानुशतके ती ताडपत्रांवर, मठांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून होती. विजापूरला वकिली करणाऱ्या फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी यांनी ती गावोगाव हिंडून गोळा केली. १९२३ साली त्यांचा 'वचनशास्त्रसार' निघाला, १९२६ मध्ये 'शिवानुभव' हे नियतकालिक. १९६४ साली ते वारले. वकिलीत मिळविले ते छापखान्यात घातले, अशी माणसे त्या पिढीत होती.

उळवीला मी तरुणपणी एकदा यात्रेत गेलो होतो. रात्री बैल सोडले होते, गाडीखाली कंदील होता, आणि जोंधळ्याची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाल्यावर एक म्हातारा गाडीवान एकतारीवर गाऊ लागला. बोल ओळखीचे वाटले. ते देहाचे वाद्य करणारे वचन होते. पण चाल मी रेडिओवर ऐकलेली नव्हे, भलतीच, जात्यावरच्या ओवीसारखी. माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत मी म्हणालो, "अज्जा, याची चाल अशी नव्हे." म्हातारा हसला. "तम्मा," तो म्हणाला, "चाल माझ्या आज्याची. तुझ्या गळ्यात तुझी येईल. बोल तेवढे चुकवू नकोस." एवढे बोलून तो पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, आणि अंकित आले तेव्हा शेजारच्या चार गाड्यांतून आवाज मिळाले.

हे सर्व मी भाचीला लिहिले. तिच्या जपानी गायकाची गाणी उद्या कोण म्हणणार, याची चिंता तिने करू नये असे मी लिहिले नाही. चिंता रास्तच आहे. ज्या गाण्याची चाल गायकाच्या गळ्याशी इतकी बांधलेली असते, ते दुसऱ्याच्या तोंडी रुजावयास वेळ लागतो. मी एवढेच सुचविले, की तिने ते शब्द पाठ करावेत आणि स्वयंपाक करताना, आपल्या आवाजात, चुकतमाकत म्हणून पाहावेत.

तिचे उत्तर आठ दिवसांत आले. "मामा, तुम्ही मामाची दोन गाणी दिलीत, अक्काचे दिलेत, ज्या भाच्याच्या गावाला तुम्ही मला नेलेत त्याचे एकही नाही!" पोरीने अचूक पकडले. खरे सांगावयाचे तर चन्नबसवण्णांची वचने गाण्यास कठीण आहेत. षट्स्थलाचा, म्हणजे भक्ताने चढावयाच्या सहा पायऱ्यांचा, विचार त्यांनी इतक्या काटेकोरपणे मांडला आहे, की तेथे तान घेण्यास जागा सापडत नाही. मामा गात होता, भाचा ते गाणे नीट रचून, जपून ठेवीत होता, असेच मला ती वाचताना वाटत आले आहे. तरी पुस्तक काढून त्यांचे एक वचन मी तिच्यासाठी उतरवून घेतले आहे. त्याची चाल मला येत नाही. कोणाला येत असल्यास कळवावे.