फराळाच्या खोक्यातला कापूर

सांगलीत पार्सलच्या काउंटरवर बसते. दिवाळीत परदेशी जाणाऱ्या फराळाच्या खोक्यात मी चकल्या-लाडवांआधी कापूर शोधते. "अहो, देवाचाच तर आहे!" काकू म्हणतात. देवाचा खराच, पण विमान वाहतुकीच्या नियमांत तो ज्वालाग्राही पदार्थ. फुलबाज्या तर स्फोटकांतच मोडतात. उटणं मात्र खुशाल पाठवा.

डिओडरंटच्या डब्यात फवारा उडवायला बहुतेकदा ब्यूटेन-प्रोपेन भरतात, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरातलेच वायू. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. लोक बाटलीला चार पिशव्या गुंडाळून आणतात. त्यानं फार तर गळती थांबेल, आग नाही.

खरा वाद पॉवर बँकेवरून. लिथियम बॅटरी चेपली, आत शॉर्टसर्किट झालं, की ती आपोआप तापत जाते आणि एक सेल शेजारच्याला पेटवतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून उडालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक दगावले. हे माहीत असल्यावर "एवढ्याशा बॅटरीनं काय होतंय?" या प्रश्नाला मी हसत नाही.

पॉवर बँक जाणाऱ्या माणसाबरोबरच द्या, तीही केबिन बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते. कापूर तिकडच्या भारतीय दुकानात मिळतो. आणि खोक्यावर नुसतं 'गिफ्ट' लिहू नका. आत काय आहे, ते एकेक करून लिहा.