रोहिणी व नीला

हृदयाकडून रक्त दूर वाहून नेणाऱ्या वाहिनीस ‘रोहिणी’ आणि ते हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिनीस ‘नीला’ म्हणतात. याच अर्थी ‘धमनी’ व ‘शिरा’ या संज्ञाही मराठीत रूढ आहेत. रोहिणीतून ‘शुद्ध’ व नीलेतून ‘अशुद्ध’ रक्त वाहते, अशी व्याख्या पुष्कळदा दिली जाते. परंतु ती सदोष आहे. फुप्फुस रोहिणीतील रक्तात ऑक्सिजन कमी असतो, तर फुप्फुस नीलांतील रक्त ऑक्सिजनयुक्त असते. गर्भाच्या नाळेतील दोन रोहिण्या ऑक्सिजन कमी असलेले रक्त वारेकडे नेतात व ऑक्सिजनयुक्त रक्त गर्भाकडे आणणारी वाहिनी नीलाच असते. म्हणून प्रवाहाची दिशा हीच व्याख्येची खरी कसोटी होय. आतड्यांतील रक्त यकृतात नेणारी प्रवेशिका नीला हृदयास थेट मिळत नाही, तिला यकृतात पुन्हा सूक्ष्म फाटे फुटतात. तथापि तिचे रक्त अखेर हृदयाकडेच जात असल्यामुळे तिची गणना नीलांतच करतात.

रोहिणी व नीला ही दोन्ही नावे सुश्रुतसंहितेत आढळतात, पण वेगळ्या अर्थाने. तेथे सांगितलेल्या ७०० सिरांपैकी रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी व पित्त वाहणाऱ्या त्या नीला. नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या त्याहून निराळ्या मानल्या आहेत. प्राचीन ग्रंथातील शब्द दिसताच त्यावर आजचा अर्थ लादणे त्यामुळे योग्य नव्हे. (आयुर्वेदात ‘रोहिणी’ हे घशाच्या एका रोगाचेही नाव आहे.)

‘धमनी’ या शब्दातील मूळ धातूचा अर्थ ‘फुंकणे’ असा आहे. योगायोगाने ग्रीकांचीही समजूत अशीच होती. मृत्यूनंतर रोहिण्यांच्या लवचिक भित्ती आकुंचन पावून बरेचसे रक्त नीलांत जाते. रोहिण्या रिकाम्या दिसतात. त्यावरून इ. स. पू. तिसऱ्या शतकात एरासिस्ट्राटस यांनी त्यांत वायू असतो असे मानले. इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन यांनी जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधून मधला भाग कापला आणि त्यात रक्तच असल्याचे दाखविले. रक्ताभिसरणाचे विवेचन विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केले. दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिन्या मार्चेल्लो मालपीगी यांना १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

‘नीला’ हे नाव त्वचेखाली दिसणाऱ्या निळसर रंगाशी जुळते, परंतु आतील रक्त निळे नसून गडद लाल असते. केवळ रंगावर विसंबणे प्रसंगी घातक ठरते. कोपराच्या पुढील बाजूस नीलेच्या अगदी जवळ, थोडी खोल, रोहिणी असते. नीलेत द्यावयाचे थायोपेंटोनसारखे औषध चुकून तीत गेल्यास तीव्र वेदना होऊन बोटांना कोथ होऊ शकतो. रुग्णास श्वसनाचा त्रास असेल, तर सुईतून आलेले रोहिणीतील रक्तही काळसर दिसते. त्यामुळे टोचण्यापूर्वी तेथे ठोका लागतो का, हे बोटाने चाचपून पाहतात. ठोका लागल्यास सुईसाठी दुसरी जागा निवडतात.